पंपाच्या खोलीतलं गयाना

"पानी पाटात सोडलंस की हिलरीच्या अंगनात?" फ्लॉसी केळींच्या रांगेतून ओरडली.

वॉल्टर बांधावर बसून मोबाइल बघत होता. पाट फुटून पाण्याने कधीच वाट बदलली होती आणि राजेळीची झाडं कोरडी ती कोरडीच होती. फ्लॉसीने फावडं उचललं, माती टाकून फट बुजवली आणि नवऱ्याकडे बघत उभी राहिली.

"मला काय गयानात जाऊन पाट बांधायचेत?" वॉल्टर म्हणाला. "आता माझी सवय सोड तू."

"तुझ्या कामाची सवय लागलीच कुठे होती, सोडायला?"

गयाना हा देश आहे आणि तो दक्षिण अमेरिकेत आहे, हे आगाशीजवळच्या त्यांच्या आळीत दिवाळीपर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. आता शेंबडं पोरही सांगत होतं. तिथे समुद्रात तेल सापडलंय, तिथल्या राजधानीत म्हणे राहायला खोली मिळत नाही आणि कामाला माणूस मिळत नाही. लोक इंग्रजी बोलतात, क्रिकेट खेळतात, म्हणजे आपल्यातलेच.

हे ज्ञान आळीत आणलं मेलरॉयने. मेलरॉय शेजारच्या गावचा, रविवारच्या मिस्साला पहिल्या बाकावर बसणारा आणि भर उन्हात टाय लावणारा. वसईच्या एव्हरशाईन सिटीत त्याने परदेशी नोकऱ्यांचं ऑफिस थाटलं होतं. त्याने वॉल्टरला विचारलं, काम काय येतं? वॉल्टर देवाला भिऊन खरं बोलला, "वाडी शिंपतो." मेलरॉयने लिहिलं, पंप ऑपरेटर. तेलालाही पंप लागतो, पाण्यालाही लागतो, त्यात पाप कसलं?

वॉल्टरला जायचंच होतं, आणि त्याचं कारण समोरच उभं होतं. हिलरीचं दुमजली घर. हिलरी कुवेतला बारा वर्षं काढून आला आणि त्याने दाराला संगमरवरी पायऱ्या केल्या. वॉल्टर रोज दात घासताना त्या पायऱ्या बघायचा आणि रोज त्याच्या तोंडाची चव जायची. आळीत हिलरीला सगळे 'हिलरीशेट' म्हणत. वॉल्टरला 'ए वॉल्टर'.

मेलरॉय म्हणाला, व्हिसा सोमवारी. पण रविवारपासून आगमनकाळ लागत होता. एकदा तो लागला की नाताळापर्यंत ना लग्न, ना बँड, ना जेवणावळी. फादरांनी स्पष्टच सांगितलं, निरोपाचा कार्यक्रम करायचा तर शनिवारपर्यंत. आता परदेशी जाणाऱ्या माणसाने बँडाशिवाय, मैद्याच्या तळलेल्या फुग्यांशिवाय आणि डुकराच्या इंद्यालाशिवाय गपचूप निघावं? मग गेला काय आणि मेला काय!

"व्हिसा हातात येऊ दे, मग फुगे तळते," फ्लॉसी म्हणाली.

"नाताळपर्यंत थांबू? तोवर सगळं तेल संपवतील ते!"

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. शनिवारी आळीतल्या क्रुसापाशी माळेची प्रार्थना झाली, फादरांनी डोक्यावर हात ठेवला, बँड वाजला, बायांनी डोळे पुसले. हिलरीनेही गळ्यात हार घातला आणि पहिल्यांदा 'वॉल्टरशेट' म्हणाला. त्या एका शब्दासाठी वॉल्टर पायी गयानाला गेला असता. टॅक्सी हलली तेव्हा पोरं आगाशीच्या बाजारापर्यंत मागे धावली.

वसईला पाहुण्याकडे दोन रात्री काढून सोमवारी तो ऑफिसात पोचला. मेलरॉय म्हणाला, पुढचा सोमवार. मग म्हणाला, त्याच्या पुढचा. दुसऱ्याच्या घरात किती दिवस बसणार? पाहुण्याची बायको भांडी आपटायला लागली तसा वॉल्टर बॅग घेऊन निघाला. पण आळीत शिरणार कुठल्या तोंडाने? ज्याला बँड लावून घालवला, तो दहा दिवसांत परत आला तर लोक दुसरा बँड लावतील. तो ओढ्याच्या बाजूने वाडीच्या मागच्या, झावळ्यांच्या झापाच्या दाराशी आला आणि पंपाच्या खोलीत शिरला.

फ्लॉसी पंप सुरू करायला आली, तर आत नवरा. कपाळावर हात मारून ती किती वेळ हसली आणि कधी रडायला लागली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"आता काय?" तिने विचारलं.

"व्हिसा येईपर्यंत हितेच राहतो."

"राहा. पण फुकट जेवन नाय मिलनार."

तिने त्याला जुनी लुंगी दिली, डोक्याला टॉवेल गुंडाळायला लावला आणि आळीत सांगून टाकलं की नवरा गेला म्हणून जव्हारकडचा एक गडी ठेवलाय, जास्त बोलत नाही. वॉल्टरला धाकधूक होती की कोणी ओळखेल. उगाच होती. गड्याच्या तोंडाकडे बघायची आपल्या आळीला सवयच नाही. आळीतला पीटर तर एकदा हातभर अंतरावरून विडी पेटवायला काडी मागून गेला आणि "घे, तुलापन एक ओढ" म्हणून विडी देऊन गेला. तोच पीटर निरोपाला गळ्यात पडून रडला होता.

आता दिवसभर त्या वाडीत करायचं काय? मोबाइल उघडावा तर पंपाच्या खोलीत रेंज नाही. बाहेर पडावं तर अब्रू जाते. मग माणूस काम करायला लागतो; दुसरा इलाजच राहत नाही. वॉल्टरने पाट साफ केले, केळीच्या बुंध्याला फुटलेली पिलं काढली, शेणखत ओढलं, घडांना टेकू दिले. फ्लॉसी पिकलेली राजेळी आणून टाकायची, तो सोलून उन्हात वाळवायचा आणि सुकेळी वळून पानात बांधायचा. नाताळानंतर फ्लॉसीची सुकेळी आगाशीच्या बाजारात पाटी खाली ठेवायच्या आत संपायला लागली.

आणि आळी काय म्हणाली? कुंपणापलीकडून वॉल्टरला सगळं ऐकू येत होतं.

"वॉल्टर गेला आनि वाडीला बरकत आली बग!"

"तेलाचा पैसा हाय तो. तसं पीक येते का?"

"आनि तो गडी! वॉल्टरने जन्मात केलं नाय ते त्याने दोन महिन्यांत केलं."

वॉल्टर फावडं धरून उभा राहायचा. आपली स्तुती चाललीय की निंदा, हेच त्याला कळायचं नाही. एकदा हिलरीने आपल्या मेहुण्याला गयानाहून आलेला वॉल्टरचा आवाज ऐकवला. फ्लॉसीच्या मोबाइलवरून तो फिरत फिरत पोचला होता. "मी बरा हाय, काम लय हाय," आणि मागे पंपाची घरघर. हिलरी बोट वर करून म्हणाला, "ऐकलंस? ती तेलाची मशीन!" दुसऱ्या दिवशी त्याच हिलरीने कुंपणावर हात टेकून गड्याला हाक मारली, "ए गडी! माझ्याकडे ये कामाला. ती देते त्याच्यापेक्षा जास्त देईन." वॉल्टरने मान खाली घालून 'नाही' केली. जास्त पगाराची नोकरी त्याच्या नशिबात होती, फक्त ती समोरच्या घरात निघाली.

मेलरॉयचा सोमवार काही येत नव्हता, आणि खरं सांगायचं तर वॉल्टरने त्याची वाट बघणं सोडलं होतं. त्याला झोप लागत होती. फ्लॉसी दुपारी बोंबलाचं कालवण घेऊन यायची आणि दोघं केळीच्या सावलीत जेवायची. लग्नानंतर इतकं बोलणं कधी झालं नव्हतं. लपून राहिलेल्या नवऱ्याशी बाईला प्रेमाने बोलता येतं, हे तिला नव्याने कळलं.

असंच चाललं असतं. पण ईस्टरआधीच्या उपवासकाळाला दहा-बारा दिवस असताना कुंपणापलीकडे हिलरी आणि त्याचा मुलगा एल्रॉय बोलताना वॉल्टरने ऐकले. एल्रॉय वसईतल्या एका कारखान्यात फिटर होता, चांगला चिकटलेला.

"राजीनामा दिलास ते बरं केलंस," हिलरी म्हणत होता. "मेलरॉय बोलला, वॉल्टरच्याच कंपनीत लावतो. पैशाचं मी बघतो. विहिरीकडची वाडी बिल्डर मागतोय, शुक्रवारी सही करून टाकतो."

वॉल्टरने फावडं खाली ठेवलं. हिलरी नकोसा होता, त्याच्या पायऱ्या नकोशा होत्या, पण ती विहीर? तिचं पाणी दोन्ही वाड्यांना होतं, आणि वॉल्टर पोहायला तिच्यातच शिकला होता. गप्प राहिलं तर अब्रू वाचत होती आणि हिलरीचं नाकही कापलं जात होतं. क्षणभर त्याला ते गोडही वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. त्याने डोक्याचा टॉवेल सोडला आणि कुंपण ओलांडलं.

हिलरी दोन पावलं मागे सरला. "वॉल्टरशेट! कधी आलास? सुट्टीवर?"

"गेलोच नाय मी. हितेच होतो. मेलरॉय लबाड हाय, त्याला दमडी देऊ नको."

हिलरीने त्याला खालून वर न्याहाळलं आणि हसला. "समजलो. स्वतःचं घर भरलं, आता दुसऱ्याचं भरायला नको. कुवेतला पन असेच होते, गाववाला आलेला बघवायचा नाय त्यांना."

"अरे, आयशपथ! आमचा तो गडी म्हनजे मीच!"

"तू?" हिलरी पोट धरून हसायला लागला. "दुसरं काय पन सांग, विश्वास ठेवीन. तो गडी कामाला वाघ हाय. तुला मी चाळीस वर्षं बघतोय!"

खोटं तीन महिने खपलं होतं, आणि खरं तीन मिनिटंही टिकलं नाही.

एल्रॉय मात्र हसला नाही. तो वॉल्टरच्या हातांकडे बघत होता. सुकेळी सोलून सोलून बोटं चिकाने काळी पडली होती, तळव्याला फावड्याचे घट्टे होते. "पपा," तो म्हणाला, "मी उद्या ऑफिसात जाऊन येतो. मग सही करा."

तो गेला. एव्हरशाईन सिटीतल्या त्या गाळ्याला कुलूप होतं, बोर्ड उतरवलेला होता, आणि बाहेर विरार-नालासोपाऱ्याची पंधरा-वीस माणसं मेलरॉयच्या नावाने खडे फोडत होती. विहीर वाचली. पण एल्रॉयने राजीनामा आधीच दिला होता. आणि हिलरीनेही, उपवासकाळ लागायच्या आत म्हणून, रविवारी निरोप ठरवून बँड सांगितला होता, तीन गावांत आमंत्रणं फिरवली होती आणि डुक्करही आणून बांधलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी हिलरी कुंपणापाशी आला. खोकला, घसा साफ केला, इकडेतिकडे बघितलं.

"वॉल्टर."

"बोला हिलरीशेट."

"लोकांना काय सांगू रे मी?"

"जे मी नाय सांगू शकलो, तेच."

हिलरी केळीच्या पानाची कड फाडत राहिला. "तुझ्या त्या पंपाच्या खोलीत," तो शेवटी म्हणाला, "आजून एक खाट राहील काय?"

रविवारी बँड वाजला, फुगे तळले गेले. सुट्टीवर आलेला अनुभवी माणूस म्हणून वॉल्टरला दोन शब्द बोलायला उभं केलं. "तिथे जाऊन मानूस कामाला लागतो," तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हार घातलेला एल्रॉय टॅक्सीत बसला, टॅक्सी आगाशीच्या बाजाराला वळसा घालून ओढ्याकडून मागच्या झापाशी आली. वॉल्टर तिथे लुंगी, टॉवेल आणि फावडं घेऊन उभा होता.

उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, मिस्सा आटपून हिलरी आणि पीटर कपाळावर राख घेऊन वॉल्टरच्या ओट्यावर काळा चहा प्यायला बसले होते. पीटरने वाडीकडे डोळे बारीक करून बघितलं.

"वॉल्टरशेट, पयला गडी कुठे गेला तुझा? लय चांगला होता तो. हा नवीन बग, फावडं टेकून उभाच हाय कवाचा. आळशी दिसतो. असली पोरं जन्माला घालून आयबाप सोडून कसे देतात, काय म्हनता हिलरीशेट?"

हिलरीला चहाचा ठसका लागला.

"शिकेल हळूहळू," वॉल्टर म्हणाला. "चांगल्या घरातला हाय."

आणि त्याने हिलरीच्या बशीत आणखी थोडा चहा ओतला.