ओल्या काचेवर बोट

रंजीताचा फोन बिघडला नव्हता, पण झड लागल्यापासून तो तिचं ऐकत नव्हता. बोट एकीकडे ठेवावं तर भलतीकडेच काहीतरी उघडायचं. कधी दहादा दाबूनही काही हलायचं नाही. आठ दिवसांत ऊन म्हणून पडलं नव्हतं. चुलीवर टांगलेले कपडेसुद्धा हाताला गार लागत होते, तर काचेची काय कथा. तिला त्याचं नवल नव्हतं. लग्नाआधी दोन वर्षं ती चामोर्शीला एका मोबाइलच्या दुकानात काउंटरवर बसायची. पावसाळ्यात दहातली सहा गिऱ्हाइकं हेच गाऱ्हाणं घेऊन यायची, आणि त्यातल्या निम्म्यांचा फोन ती नुसता कोरड्या फडक्यानं पुसून परत द्यायची.

आता ती कुरखेड्याच्या पलीकडं, जंगलाला टेकलेल्या एका गावात सून म्हणून आली होती. नवरा निकेश नागपूरला गोदामात कामाला. महिन्यातून एकदा यायचा. घरात सासू गुणाबाई आणि सासरे लटारू. सासूशी बोलणं व्हायचं. सासऱ्यांशी आठ महिन्यांत एक सबंध वाक्य झालं नव्हतं. ते अंगणात आले की ती पदर ओढून आत जायची, आणि तिला काही सांगायचं असलं तर ते भिंतीकडे तोंड करून गुणाबाईला म्हणायचे, "तिले सांग, बैलाले पेंढी टाकली नाई." ती तिथंच, दोन हातांवर उभी असायची.

त्या दिवशी गुणाबाई पहाटेच गावातल्या बायांबरोबर, त्यांच्यातल्याच सत्यशीलाच्या धानाच्या बांधीत रोवण्याला गेली होती. दुपारची भाकर खाऊन त्या बारा जणी जंगलाच्या कडेच्या पांदणीच्या वाटेनं लटारूंच्या चार बांध्यांच्या शेतात येणार होत्या आणि इथलं राहिलेलं धान रोवणार होत्या. लटारू रानडुकरांच्या राखणीला सकाळपासून शेतातच होते. म्हणून त्यांची शिदोरी घेऊन रंजीताला पाठवलं. हत्तींची टोळी गेली दोन वर्षं छत्तीसगडकडून या भागात यायची. पण काल रात्रीच गावाच्या ग्रुपवर निरोप आला होता की टोळी नदीपलीकडं आहे, इथून दहा किलोमीटर. त्यामुळं कुणाच्या मनात धाकधूक नव्हती.

शेताच्या टोकाला ऐनाचं जुनं झाड होतं, आणि त्यावर दोन पुरुष उंचीवर राखणीचा, पळसपानांनी शाकारलेला बांबूचा माळा. रंजीता झाडाखाली पोचली तेव्हा लटारू माळ्यावर उभे होते आणि जंगलाकडं कान देऊन होते. तिनं नेहमीसारखी शिदोरी खाली ठेवली आणि परत फिरली.

"बाई," लटारू वरून म्हणाले.

ती थबकली. ही हाक तिलाच होती, कारण दुसरं कुणी नव्हतंच.

"वर ये."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. सासऱ्यांसमोर ती कधी बाजेवर बसली नव्हती.

"शिदोरी घेऊन वर ये म्हनतो ना! आले ते."

जंगलात बांबू मोडल्याचा आवाज झाला. मग दुसरा. रंजीतानं पदर कमरेला खोचला, शिदोरी दातांत धरली आणि शिडी चढली. तिचा पाय माळ्यावर पडला नाही तोच झाडीतून पहिली हत्तीण बाहेर आली. तिच्या मागं आणखी. लटारूंनी ओठ न हलवता मोजले. नऊ होते, त्यातलं एक पिल्लू.

हत्ती सरळ बांधीत उतरले. परवा रोवलेलं धान सोंडेनं उपटायचं, पायावर आपटून चिखल झाडायचा आणि तोंडात घालायचं. महिनाभर वाढवलेले पऱ्हे, धानाची रोपं, डोळ्यांदेखत जात होते आणि लटारूंना हूं म्हणायची सोय नव्हती. पिल्लाची आई तेवढी बांधीत न जाता ऐनाखाली आली. तिला शिदोरीचा वास आला होता. शिडी तिच्या अंगाला लागली, आडवी झाली, आणि पिल्लाच्या पायाखाली तिचे बांबू कडाकड फुटले.

मग सोंड वर आली. माळ्याच्या कडेवरून ती चाचपडत फिरली, ओली, राखाडी, टोकाला गुलाबी. तिच्या श्वासाची ऊब रंजीताच्या पायांना लागली. पाय मागं घ्यायला जागा नव्हती. मागं सासरे होते. सहा हात लांब, चार हात रुंद माळा, आणि त्यात अर्ध्यावर मातीनं सारवलेली विस्तवाची जागा.

"फेक," लटारू कुजबुजले. तिचे हात हलेनात. त्यांनीच तिच्या हातातली शिदोरी ओढली आणि लांब बांधावर भिरकावली. हत्तीण तिकडं वळली. तिनं भात, वरण, ठेच्यासकट फडकंही खाल्लं. आणि पुन्हा झाडाखाली येऊन उभी राहिली.

रंजीतानं पदर डोक्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पण तो ओला होऊन अंगाला चिकटला होता. तिनं सासऱ्यांकडं पाठ केली तर तोंड हत्तिणीकडं होत होतं.

"बाया येतीन," लटारू म्हणाले.

पांदणीचं शेवटचं वळण ऐनापासून शंभर पावलांवर होतं. वळणाला दाट झुडपं. बाया गप्पा मारत, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेऊन यायच्या, आणि वळण संपेपर्यंत त्यांना काही दिसलं नसतं. गुणाबाई सगळ्यांत पुढं चालायची.

"मामाजी, ओरडू का?"

"नोको. पिल्लू हाये तिच्याजवळ. ओरडली त झाड हलवन. तुह्यापाशी तो फोन हाये ना?"

फोन होता. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचलेला. पण अंगाच्या घामानं पिशवीत वाफ धरली होती आणि काचेवर दव पडावं तसे थेंब जमले होते. तिनं पदरानं पुसलं, पदर ओला. लॉक उघडायला नक्षी काढायची होती. बोट चौथ्या ठिपक्यापाशी गेलं की रेघ तुटायची. पुन्हा काढली, पुन्हा तुटली. पाचव्यांदा चुकल्यावर फोननं सांगितलं, तीस सेकंद थांबा. तेवढ्यात एका थेंबानंच कॅमेरा उघडला आणि पडद्यावर लटारूंचे चिखलानं भरलेले पाय दिसू लागले.

"काऊन नाई लागत?"

"बोट ओळखत नाई तो. थेंब पन त्याले बोटासारखाच वाटते."

"मंग?"

तिला दुकानातले दिवस आठवले. तिथं वर पंखा असायचा, कोरडं फडकं, बाटलीतलं स्पिरिट. इथं सगळ्या जगाला पाणी सुटलं होतं. तिनं आधी बाजूचं बटण दाबून काच काळी केली, म्हणजे थेंबांना काही दाबता येणार नाही. मागचं रबरी कव्हर काढलं. त्यात पाणी साचलं होतं. मग काचेवरचा गार्ड. त्याच्या कोपऱ्याला चीर गेली होती आणि आत ओल शिरून फुगा धरला होता. नखानं सोलून तिनं तो काढला.

"मामाजी, कोरडं काई हाये का? बोटभर चिंधी चालन."

लटारूंनी अंगावर हात फिरवला. बंडी ओली, धोतर ओलं. मग त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला. आठ महिन्यांत तिनं त्यांचं डोकं उघडं पाहिलं नव्हतं. मधोमध टक्कल होतं, कडेला पांढरे विरळ केस. दुपट्ट्याचा बाहेरचा पदर भिजला होता, पण आतली घडी डोक्याच्या उबेनं कोरडी होती. त्यांनी ती घडी तिच्यापुढं धरली आणि नजर दुसरीकडं वळवली.

तिनं काच पुसली, कडा पुसल्या. विस्तव विझत आला होता, राख तेवढी गरम होती. त्यावर फोन धरावा असं लटारूंनी हातानं सुचवलं.

"नाई, जास्त शेक लागला त स्क्रीनच जाईन." तिनं राखेवर तळवे धरले, गरम केले आणि फोन दोन्ही तळव्यांत दाबून ठेवला. असं चार-पाचदा. मग राखेची चिमूट बोटांना चोळली. चिखल आणि ओल दोन्ही गेली. बोट दुपट्ट्याला पुसून तिनं नक्षी काढली. रेघ चौथ्या ठिपक्यावरून पुढं सरकली आणि फोन उघडला.

बारा वाजून पन्नास मिनिटं. बॅटरी अकरा टक्के. नेटवर्कची एक दांडी, तीही उंचावर असल्यामुळं.

वनरक्षक अंकुशभाऊंचा नंबर ग्रुपवर होता. तो लावला, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मग सत्यशीलाचा. बायांमध्ये फोन तिच्याजवळच असायचा. रिंग गेली, जात राहिली, बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"उचलत नाई," ती म्हणाली.

"लाव."

"मामाजी, तिचे हात चिखलात असतीन. पाऊस हाये. तिचा पन फोन बोट घेत नसन."

हे बोलताना तिला ते चित्र स्पष्ट दिसलं. सत्यशीला फोनवर बोट ओढते आहे आणि फोन ढिम्म. तिथं कोरडी घडी द्यायला कोण होतं?

"तरी लाव," लटारू म्हणाले.

ती लावत राहिली. पाचदा, सहादा. दर खेपेला काच पुसायची, बोट राखेत घालायचं, लावायचं. खाली हत्तीण ऐनाला अंग घासत होती आणि माळ्याची बांधणी करकरत होती. लटारूंनी एका हातानं फांदी धरली होती. दुसऱ्या, विस्तव सारून काळ्या झालेल्या हातानं रंजीताचं मनगट धरलं. ते कधी धरलं, हे दोघांनाही कळलं नाही.

नवव्यांदा लावायच्या आत फोनच थरथरला. अंकुशभाऊंचा होता. हिरवं चिन्ह वर ओढायचं होतं. तिनं ओढलं, ते निम्म्यावर येऊन खाली घसरलं. पुन्हा ओढलं. नाकावरचा घाम काचेवर टपकला. तिनं आख्खा फोन दुपट्ट्यात दाबला, उघडला, आणि अंगठ्यानं एका दमात ओढलं.

"अंकुशभाऊ, हत्ती. लटारूच्या शेतात. आमी माळ्यावर हाओ. बाया पांदनीनं येऊन राह्यल्या, त्याईले थांबवा."

"किती हायेत?"

"नऊ. एक खालीच हाये, पिल्लू घेऊन. शिडी मोडली."

"आवाज करू नोका. उतरू नोका. मी नदीच्या पलीकडं हाओ, टीम घेऊन निंघतो. गावात सांगतो कोनाले त..."

फोन गेला. बॅटरी अजून चार टक्के होती, पण दांडी नव्हती. पुढं दांडी आलीच नाही.

मग वाट पाहणं उरलं. बाया आल्या नाहीत. एक वाजला असेल, दीड वाजला असेल. पांदणीकडून ना हसणं ऐकू आलं, ना किंकाळी. रंजीताला कळेना, याचा अर्थ काय लावायचा. हत्तींतला एखादा पलीकडच्या वाटेवर गेला असला तर? नऊचे कधी आठ दिसायचे, कधी सात. तिची मांडी बधिर झाली. तहान लागली, आणि तिनं छपराच्या पळसपानावरून गळणारं पाणी ओंजळीत धरून प्यायलं. लटारूंनीही प्यायलं. एकदा ते म्हणाले, "ते वाटंवर चिखल पाहत चालते, वर पाहत नाई. लगन झाल्यापासून सांगून राह्यलो." गुणाबाईबद्दल होतं ते. रंजीताला रडू येत होतं आणि रडण्याचा आवाज व्हायला नको होता.

पावणेपाचच्या सुमाराला दूर डबे वाजले. फटाका फुटला. हत्तिणीनं कान उभारले, पिल्लाला पायांत घेतलं आणि घाई न करता जंगलाकडं वळली. बाकीचे तिच्या मागं, उरलेली चौथी बांधी तुडवत गेले. अंकुशभाऊ आणि सहा माणसं आली, त्यांनी दुसरी शिडी लावली. रंजीता शिडीवरून उतरली. ती चिखलात बसली.

"बाया?" तिनं विचारलं.

"गावात हायेत. सगळ्या हायेत," अंकुशभाऊ म्हणाले. "मी सांगाले मानूस धाडला, पन त्याच्या आधीच त्या थांबल्या होत्या."

गावाच्या तोंडाशी मारोतीच्या पारावर गुणाबाई उभी होती. तिनं आधी रंजीताच्या दोन्ही दंडांना हात लावून पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"फोन उचललाच नाई आमी," ती म्हणाली. "सत्यशीला बोट ओढू ओढू थकली, पोलक्याले पुसे, पुन्हा ओढे. निंघालोच होतो आमी. पन तो थांबेच ना. मी म्हनलं, माही सून कामाच्या वक्ताले एक फोन करत नाई, अन् आज सात-आठ डाव लावून राह्यली. काईतरी झालं तिकडं. म्हनलं, कोनी पाऊल टाकू नोका. शिव्या देत होत्या मले साऱ्या, झडीत बसवलं म्हनून."

रंजीता तिच्याकडं पाहत राहिली. चार तास ती ज्या न उचललेल्या फोनासाठी रडत होती, त्याच्या नुसत्या रिंगनं बारा बाया थांबल्या होत्या. तिला हसू आलं आणि त्याबरोबर हुंदका आला, आणि तो आता तिनं दाबला नाही.

हत्ती आणखी चार दिवस आसपासच्या जंगलात होते. तोवर शेतात कुणाला जाता आलं नाही, आणि गावातली सगळी माणसं घरात कोंडून पडली. नंतर तीन घरांनी उरलेले पऱ्हे दिले. जून झालेले होते, पण दोन बांध्या पुन्हा रोवून झाल्या. दोन तशाच पडीक राहिल्या.

त्या संध्याकाळी मात्र गुणाबाईनं घाईनं भात टाकला. दोघंही सकाळपासून उपाशी होते, म्हणून तिनं दोन ताटं एकदमच वाढली, ओसरीवर, शेजारी शेजारी. लटारू एका ताटावर बसले. त्यांनी दुसऱ्या ताटाकडं पाहिलं, मग भिंतीकडं. रंजीता दारात उभी होती. क्षणभर तिला वाटलं, ते बाई म्हणून हाक मारतील.

त्यांनी मान खाली घालून भात कालवायला घेतला. तिनं पदर डोक्यावर ओढला, आपलं ताट उचललं आणि आत चुलीपाशी जाऊन बसली. बाहेर त्यांचं जेवण चालल्याचं ऐकू येत होतं. तिच्या मनगटावर राखेचे काळे डाग अजून तसेच होते, सासऱ्यांच्या चार बोटांचे. ते धुवून तिनं पहिला घास घेतला.