चावडीपुढं उतरायचं नाय

गजा, नुसतं ऐक. मधे बोललास तर मी सांगणार नाय, मग बस इद्रिस मेस्त्रीला विचारत, तो तर दुप्पट वाढवून सांगतो.

तर आपला कोंडीराम. खोपोलीला कारखान्याच्या सायबाचा ड्रायव्हर. सायब बदलून गेला आणि त्याची ती अमेरिकन शेवरोले शेडमदी पडून ऱ्हायली. पेट्रोल भडकलेलं, फुकट दिली तरी कोण घेईना, दारात हत्ती कोण बांधणार? कोंडीरामनं बांधला. भंगाराच्या भावात घेतली. अरं पण काय गाडी! फिकट निळी, मागं दोन्ही बाजूंना घारीसारखे पंख, पुढचं शीट म्हणजे अख्खा सोफा. वळणावर आली की आधी तिचं तोंड यायचं, मग जरा वेळानं बाकीची गाडी. रोज सकाळी कोंडीराम तिचं निकेल पुसायचा आणि त्यातच बघून भांग पाडायचा. लोक म्हणायचे, बौद्धवाड्यात येवढी मोठी गाडी कशाला? तो म्हणायचा, छोटी घेतली असती तर तुमाला दिसली असती का?

आता त्यांच्या गावची रीत तुला ठाव हाय. बौद्धवाड्यातलं कोणी गावातनं निघालं, की चावडीपुढं बैलगाडीतनं उतरायचं, सायकलवरनं उतरायचं, चपला हातात घ्यायच्या, चावडी मागं पडली की मग चढायचं. कायदा कधीचा आला, पण चावडीच्या वट्यावर गावचे पाटील आबाजी बसलेले दिसले की पाय आपोआप खाली. नदीकडनं दुसरा रस्ता हाय, लांबचा. भांडण नको असलेली माणसं तिकडनं जायची.

बुद्धपौर्णिमेला कोंडीराम आईला, ठकूबाईला, घेऊन कर्जतच्या विहारात निघाला. पांढरं लुगडं नेसलेली म्हातारी पुढं शेजारी बसवली आणि गाडी सरळ गावात घातली. चावडी दिसली तसा म्हातारीचा हात सवयीनं चपलेकडं गेला.

"आये, पायातच ऱ्हाऊ दे," कोंडीराम म्हणला.

आणि बरोबर चावडीपुढं गाडी बंद पडली. हसू नको रं.

इद्रिसनं आधीच सांगितलं होतं, उन्हात पेट्रोलची नळी तापते, मग इंजिनाला पेट्रोल पोचत नाय. बॉनेट उघडायचं, नळीवर वलं फडकं टाकायचं, झालं. पण त्यासाठी उतरायला लागतं ना! कोंडीरामनं बसल्या जागी सेल्फ मारला, मारून मारून बॅटरी पार बसली. वट्यावर नुसता हशा.

आबाजी सुपारी कातरत म्हणले, "कोंड्या, उतर आता. तुझ्या गाडीलाबी रीत कळती बघ."

कोंडीराम उतरला नाय. काच खाली केली, कोपर बाहेर टाकलं आणि बसला. शर्ट घामानं अंगाला चिकटला. ठकूबाई म्हणली, बाबा, मी उतरून टाकते फडकं, माझं काय जातंय, जलमभर उतरलेच की.

"तू उतरलीस तर ही गाडी मी हितंच जाळीन."

मग म्हातारीनं काय करावं? चपला काढल्या, पाय वर घेतले आणि घरातल्यावाणी शीटवर मांडी घालून बसली.

आता गाडी केवढी, गल्ली केवढी. एका अंगाला वटा, दुसऱ्या अंगाला गटार, मधनं कोंबडी जाईना. आणि मागनं आला टेंपो. संध्याकाळी आबाजींच्या नातीचं लगीन, टेंपोत सरबताचा बर्फ, भुश्यात गुंडाळलेला. टेंपोवाला हॉर्न देतोय, खालनं पाणी गळतंय. पाणी ठिबकायला लागलं तसे आबाजी 'कोंड्या'वरनं 'कोंडीराम'वर आले. धार लागली तसे 'कोंडीरामभाऊ, गाडी जरा बाजूला घ्या'वर आले.

"बॅटरी बसलीय, आबाजी," कोंडीराम म्हणला. "धक्का लागंल. मीच उतरून मारला असता, पन मग स्टिअरिंग कोन धरंल?"

वटा रिकामा झाला, गजा. सगळे उतरले. आबाजीबी उतरले, घाईत पायताण घालायचं ऱ्हायलं, अनवाणीच. उपरणं हाताला गुंडाळून त्यांनी डिकीला हात लावला. कोण म्हणतं पत्रा तापला होता म्हणून, कोण म्हणतं दुसऱ्याच कारणानं.

तवर नळी गार झालेली. कोंडीरामनं सेकंड टाकला, क्लच सोडला, आणि ती अशी डरकाळली, की सगळा धूर मागच्यांच्या तोंडावर. ठकूबाईनं वळूनबी बघितलं नाय.

पण संध्याकाळी परत यायचं होतं ना. म्हातारी दमलेली, बॅटरीचा काय भरवसा नाय, आणि आता तर चावडीवर आबाजींची सगळी पावणेमंडळी टेकलेली. नदीकडचा रस्ता मोकळा. फाट्यावर कोंडीरामनं गाडी हळू केली आणि आईकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतोस?" म्हातारी म्हणली. "सरळ घे."

त्यानं घेतली. पण तू खरं सांग गजा, त्या फाट्यावर स्टिअरिंग तुझ्या हातात असतं, तर तू कुठं वळवलं असतंस?