मलमाच्या बरणीची कबुली

मी एक जुनी मलमाची बरणी आहे. चिनी मातीची, पांढरी, तळहातावर मावेल एवढी. माझ्या झाकणाचा टवका उडाला आहे, पण ते अजून घट्ट बसते. मित्रांनो, मी पुष्कळ दिवस मूग गिळून बसले. आज मात्र बोलणार आहे, कारण एका बाईच्या बाबतीत माझ्याकडून मोठी चूक झाली.

एका भट्टीत भाजून निघाल्यावर मी होमिओपॅथीच्या एका दवाखान्यात आले. थोरले डॉक्टर माझ्यात झेंडूच्या पाकळ्यांचे मलम भरत. खरचटलेले गुडघे, सोललेली कोपरे, चिमटलेली बोटे, ही माझी गिऱ्हाइके. भोकाड पसरलेली मुले माझे झाकण उघडले की गप्प होत. मला त्याचा फार तोरा होता.

थोरल्यांच्या मागे त्यांचा मुलगा खुर्चीवर बसला. शिकत असताना त्याने एक आजारी मुलगी पाहिली होती. तिचे पुरळ कुणीतरी मलमाने सुकवले आणि पंधरा दिवसांत तिला दम्याची धाप लागली. पुरळ दाबले म्हणूनच दमा उठला, असे त्याने मनाशी पक्के केले आणि मलमाशी उभा दावा मांडला.

"कातडी म्हणजे घराची भिंत," तो रोग्यांना सांगे. "ओल आतून येतेय. वरून रंग फासून काय होणार?"

रंग म्हणजे मी! माझी रवानगी सर्वांत वरच्या फळीवर झाली.

पण त्याला वाईट म्हणवत नाही. तो एकेका रोग्याला तासभर विचारत बसे. थंडी सोसते का, तहान किती लागते, स्वप्ने कसली पडतात, कुठले दुःख गिळून बसलात. दोन गोड गोळ्या घेऊन बाहेर पडणारा माणूस डोळे पुसत जाई आणि चालताना हलका दिसे.

पडद्याअलीकडे त्याची बायको पुड्या बांधत असे. सगळे तिला काकू म्हणत. कागदाला चार घड्या घालून पुडी बंद करायला तिला डोळ्यांचीही गरज नव्हती. हे सगळे प्रश्न तिने वर्षानुवर्षे ऐकले, पण तिला ते कुणी विचारले नव्हते. त्यांची एक मुलगी चार वर्षांची होऊन तापाने गेली होती. त्यानंतर सव्वीस वर्षे त्या घरात तिचे नाव कुणी काढले नाही.

एके दिवशी काकूंनी डाव्या दंडावरची एक चिघळलेली जखम दाखवली. दीड महिना झाला तरी ती भरत नव्हती.

"हे नुसतं हाताचं दुखणं नाही," डॉक्टरने एकदाच पाहून सांगितले. "तुझं सगळंच बघावं लागेल. रविवारी बस."

रविवारी त्याने कोऱ्या कागदावर आपल्याच बायकोची हकीकत लिहायला घेतली. तहान, झोप, स्वप्ने. स्वप्नांपाशी काकू थांबल्या आणि मुलीविषयी बोलू लागल्या. तिचे दुधाचे दात, तिचा हट्ट, शेवटच्या दिवशी मागितलेले पाणी. डॉक्टरने लेखणी खाली ठेवली. दोघेही रडले. मग त्याने गोळ्या दिल्या आणि म्हणाला, "पुढच्या रविवारी परत."

असे बरेच रविवार गेले. जखम मात्र पसरत होती. आग सोसवेना, तेव्हा एका दुपारी काकूंनी स्टुलावर चढून मला खाली काढले. मी हरखले! इतक्या वर्षांनी कुणालातरी माझी गरज पडली होती. मी आग शमवली, वास लपवला, आणि स्वतःवरच खूश झाले.

"कसं आहे आता?" डॉक्टर विचारी.

"बरंय की. सुकतंय."

तो कागदावर लिही, 'सुधारणा'. बाही वर करून त्याने पाहिले नाही. जखमेकडे बघत बसले की माणूस दिसेनासा होतो, असे तो म्हणायचा. मला उलट जखमच तेवढी दिसत होती. तिच्या कडा जाड होत होत्या, तिला कोंब फुटत होते. हे खरचटणे नव्हे हे मला कळायला हवे होते. पण मला माझ्या उपयोगाची भूल पडली.

एका सकाळी काकूंच्या हातातून पुड्या सांडल्या. हात वर होईना. तेव्हा डॉक्टरने बाही वर केली, आणि काकूंना तडक रुग्णालयात नेले.

रुग्णालयात मी काकूंच्या पिशवीतून गेले. तिथल्या शस्त्रक्रिया करणाऱ्या बाईंनी सगळे तपासून सांगितले, "कॅन्सर आहे. सुरुवातीला आणलं असतंत तर एवढासा तुकडा काढून घरी पाठवलं असतं. आता बगलेतून छातीत उतरलंय."

डॉक्टरने पिशवीतून मला काढले. मी तळापर्यंत खरवडलेली होते.

"का नाही बोललीस?" मला पुढे धरून त्याने विचारले.

"वाढलंय म्हटलं असतं तर तुमचा चेहरा उतरला असता," काकू म्हणाल्या. "आणि पुरतं बरं झालं म्हटलं असतं, तर तुम्ही विचारायचं थांबला असतात. रविवारी आपली पोर घरात यायची हो. म्हणून मी सुकतंय म्हणायचे."

दोन महिन्यांत काकू गेल्या.

आता डॉक्टर रोग्याला आधी म्हणतो, "दाखवा." संशय आला की गोळ्या न देता थेट रुग्णालयाची चिठ्ठी लिहितो. पुड्या स्वतःच बांधतो. त्या नीट मिटत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारखी बरणी घरात असेल तर खरचटल्यावर जरूर वापरा. पण न भरणारी जखम माझ्या झाकणाखाली लपवू नका. "बरंय" म्हणणाऱ्या माणसाची बाही वर करून बघा, वेळेत बघा. आणि तशी पाळी येण्याआधीच त्याच्याजवळ बसा, त्याला विचारा. आपल्याच घरात कुणीतरी ऐकावे म्हणून कुणाला आजारी पडावे लागू नये.