मी 'ओव्हर', 'आउट' नव्हे

मित्रांनो, मी एक जुना लष्करी शब्द आहे, 'ओव्हर'. क्रिकेटमधला तो निराळा. मी बिनतारी संदेशातला. माझा अर्थ साधा आहे. 'माझं बोलून झालं, आता तू बोल, मी ऐकतोय.' माझा सोबती 'आउट'. तो म्हणतो, 'बोलणं संपलं, उत्तर नको.' म्हणून आम्ही दोघे एका वाक्यात कधीच येत नाही.

त्या काळच्या यंत्रावर एका वेळी एकालाच बोलता येई. दोघे एकदम बोलले की नुसती खरखर. म्हणून सैनिकांनी मला कामाला लावले. चिखलात, गोळीबारात मी राबलो. पुढे सिनेमावाल्यांनी मला 'आउट'शी बांधले. 'ओव्हर अँड आउट!' सगळ्या इंग्लंडात पोरंटोरं तसेच ओरडू लागली. मला राग येई. अजून येतो.

यॉर्कशरमधल्या एका घरात मात्र माझा मान राहिला. विल्फ आणि ईनिड, नवराबायको, तरुणपणी दोघेही सैन्यात बिनतारी यंत्रावर होते. ईनिड स्वयंपाकघरातून हाक मारी, "चहा गार होतोय, म्हातारबा, ओव्हर!"

बागेतून विल्फ म्हणे, "कांदे लावतोय, बाई. जरा दम धर, ओव्हर!"

छप्पन्न वर्षे हे चालले. भांडणातसुद्धा 'आउट' म्हणायचे नाही, असा घरचा नियम होता.

मार्चमध्ये ईनिड गेली. तिच्या थडग्याच्या दगडासाठी लेकीने, जिलने, मजकूर लिहून आणला: 'ओव्हर अँड आउट'.

विल्फने कागद परत केला. "हे चूक आहे."

"बाबा, सगळे तसंच म्हणतात! तुमचंच आवडतं म्हणून लिहिलं ना मी."

"सगळे गाढव आहेत. तुझ्या आईनं मला एकदाही 'आउट' म्हटलं नाही. आता मी ते तिच्या डोक्याशी कोरू?"

"मग काय, नुसतं 'ओव्हर'? लोक हसतील."

"हसू देत."

पाथरवटही म्हणाला, "आजोबा, अर्धवट वाटतंय हो."

"अर्धवटच आहे. कोर तू."

आता मी त्या दगडावर एकटा उभा आहे. परवा एक बाई म्हणाली, "कोरणारा पुढचं विसरला वाटतं." नाही बाई, कोणी काही विसरलेले नाही. मी इथून हलणार नाही.

दर रविवारी विल्फ येतो. कांदे कसे आले ते ईनिडला सांगतो. शेवटी माझे नाव घेतो, टोपी काढतो आणि गप्प बसतो.

मित्रांनो, मला वापरा, पण नीट वापरा. मला उच्चारलेत की तोंड मिटा आणि समोरच्याचे ऐका. आणि माझ्यापुढे 'आउट' जोडू नका. विल्फ अजून ऐकतोय.