जोसेफ कॅल्व्हर्टचं साल

मेव्हिसने हात उंचावले. अकरा फुटी कागदाचं एक टोक तिच्या चिमटीत होतं, दुसरं टॅमसिनच्या. टाचण्या टोचल्या, गावच्या हॉलची अख्खी भिंत तक्त्याने व्यापली आणि चहाचे कप सांभाळत शंभरेक कॅल्व्हर्ट पुढे सरसावले.

"चारशे वर्षांची वंशावळ, एका हिवाळ्यात! पोरीने कमाल केली!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

ही पोरगी म्हणजे टॅमसिन, मेव्हिसच्या भाच्याची बायको. ब्रिस्टलहून इथे येऊन तिला चार वर्षंही झाली नव्हती. मेव्हिसने तीस वर्षं यॉर्कशरभर चर्चमधली जुनी दप्तरं चाळली होती, थडग्यांवरचं शेवाळ खरवडलं होतं. तिच्या सतरा वह्या घरी कपाटात होत्या. त्या बघायला कधी कुणी कप घेऊन आलं नव्हतं.

"आपल्या आडनावाचा अर्थ काय गं?" नव्वदीच्या विल्फकाकांनी विचारलं.

"वासरं राखणारा," मेव्हिस आणि टॅमसिन एकदमच म्हणाल्या. काका टॅमसिनकडेच बघत होते.

"म्हणजे गुराखीच की!"

"गुराखी कुठले, काका? मोठी गुरं तुमच्या हाती द्यायला लोक काय वेडे होते?"

टॅमसिनच्या या उत्तरावर हशा पिकला. मेव्हिस भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसली आणि तिने केकचा घास न चावताच गिळला.

मग तिची नजर तक्त्यावर एका जागी थबकली. जोसेफ कॅल्व्हर्ट, जन्म १८३१. पुढे मृत्यूचं साल नव्हतं. बाकी सगळ्या गेलेल्यांचं होतं. खाली त्याचा मुलगा आमोस, जन्म १८६८. विल्फकाकांचे आजोबा. अर्धा हॉल त्या एका नावाखाली लोंबत होता.

मेव्हिसच्या छातीत एक गोड कळ उठली. सापडलं नाही पोरीला! जोसेफ गेला १८६६ साली, आमोस जन्मायच्या दोन वर्षं आधी. सव्वीस वर्षं हे मेव्हिसने कुणापाशी उच्चारलं नव्हतं. आता दोन वाक्यं पुरली असती.

"टॅमसिन," ती मोठ्याने म्हणाली, "जोसेफचं साल राहिलंय बघ."

माना वळल्या. विल्फकाकांना मात्र ऐकू आलं नव्हतं. काठी टेकत ते तक्त्यापाशी पोचले होते आणि आमोसच्या नावावर बोट ठेवून एका चिमुरडीला सांगत होते, "माझं नाक आजोबांचं. आणि आजोबांचं त्यांच्या वडिलांचं."

मेव्हिसच्या ओठांवर आलेलं दुसरं वाक्य तिथेच राहिलं.

"नाही सापडलं, आत्या," टॅमसिन सहज म्हणाली. "सगळंच थोडं सापडतं?"

लोक पुन्हा चहाकडे वळले. टॅमसिन आपला कप घेऊन बाकापाशी आली.

"थडगं सापडलं होतं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "सबंध दफनभूमीत आयव्हीचा वेल त्या एकाच दगडावर, तोही बरोबर सालावर. मुळाशी कुणीतरी नीट आळं केलेलं. मी वेल होता तसा परत लावून ठेवला."

तिच्या बोलण्यात टेंभा नव्हता. मेव्हिसला तेच जास्त झोंबलं. वह्यांचं एक वेळ जाऊ दे. पण वेल लावून झाकलेली ही एवढी गोष्ट तिची एकटीची होती. आता तीही राहिली नाही.

"बसू का इथे?" टॅमसिनने विचारलं.

मेव्हिस बाकावर सरकली. पुरेशी नाही, पण सरकली.