ज्योतीनगरची मोनिका

मोनिका जगदाळे वैजापूरहून संभाजीनगरला राहायला आली ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आणि पहिल्याच संध्याकाळी सिडकोतल्या मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीवर उभं राहून तिनं ठरवून टाकलं, की आता आपण इथून हलायचं नाही. ती सत्तावीस वर्षांची होती. बिडकीनच्या एका कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांची मापं तपासायची नोकरी तिला लागली होती, आणि पोरीनं एकटीनं शहरात राहू नये या एका मुद्द्यावर तिचे वडील, सर्जेराव, महिनाभर तिच्याशी बोललेले नव्हते. निघताना आईनं, लक्ष्मीबाईनं, फाटकापर्यंत येऊन तिची बॅग रिक्षात ठेवली. वडील मात्र गोठ्याकडं तोंड करून उभे राहिले.

पुण्याला गेलेल्या मैत्रिणी फोनवर हसायच्या. "ते काय शहर आहे होय गं? इतकंसं." पण मोनिकाला त्या इतकंसंपणाचंच वेड लागलं. पहिली पाळी सुटल्यावर कंपनीची बस साडेचारच्या सुमाराला तिला क्रांती चौकात सोडायची आणि पुढची अख्खी संध्याकाळ तिच्या एकटीच्या मालकीची असायची. गुलमंडीवर बांगड्या बघाव्यात, औरंगपुऱ्यातून भाजी घ्यावी, पैठण गेटला नुसतंच हिंडावं, कॅनॉटला चहा प्यावा, आणि कुठूनही कुठं जायला वीस-पंचवीस मिनिटांवर वेळ लागू नये. शिवाय वैजापुरात दर दहा पावलांवर "सर्जेरावांची ना तू?" असं विचारणारं कुणीतरी भेटायचं, तसं इथं कुणी भेटत नव्हतं. आपल्याला ओळखणारं एकही माणूस या गर्दीत नाही, या विचारानं तिला चालता चालता हसू यायचं.

एके दिवशी क्रांती चौकातून तिनं रिक्षा केली आणि सिडको सांगितलं. पांढऱ्या दाढीचा रिक्षावाला जालना रोडला लागायच्या ऐवजी उस्मानपुऱ्याकडं वळला, दोन गल्ल्या ओलांडून ज्योतीनगरातल्या एका जुन्या, बैठ्या बंगल्यासमोर थांबला आणि त्यानं मागं न बघता मीटर बंद केलं.

"मामू, सिडको म्हटलं मी," मोनिका म्हणाली.

"सिडको में क्या है बाजी? घर तो इधरच है ना तुमारा," तो म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती. दमलेल्या बहिणीला समजवावं तसा त्याचा आवाज होता.

तिला राग यायच्या ऐवजी गंमत वाटली. फाटकाशी सत्तरीच्या एक बाई सीताफळाच्या झाडाला पाणी घालत होत्या. त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि हातातला पाइप बाजूला धरला. "आज लवकर सुटलीस गं? वर जा, खिडकी उघड आधी. दुपारभर कोंडलंय."

"काकू, तुमची चूक होतीय. मी वसतिगृहात राहते. खोली शोधतेय खरं म्हणजे, पण—"

"बरं, शोध," बाई हसून म्हणाल्या, "सापडली की सांग."

त्या अनसूयाबाई देउळगावकर. त्यांचे यजमान लक्ष्मणराव निवृत्त शिक्षक होते आणि दोन्ही मुलं परदेशात. मोनिका केवळ कुतूहलानं बाहेरच्या जिन्यानं वर गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. पूर्वेला मोठी खिडकी, खिडकीखाली बसता येईल असा रुंद कट्टा, फिकट निळी भिंत आणि भिंतीत पुस्तकांचं कपाट. आपल्याला कसली खोली हवी, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःशीसुद्धा नीट मांडलं नव्हतं. पण ती दारात उभी राहिली आणि तिला कळलं, की ती हीच. म्हातारीला विसर पडतो, कुठल्या तरी जुन्या भाडेकरणीशी आपली गल्लत होतीय, असं तिनं स्वतःला समजावलं. खाली आल्यावर लक्ष्मणराव पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "मोनिका, चहा घेऊन जा." आपण नाव केव्हा सांगितलं हे तिला आठवेना, पण सांगितलंच असणार. चौथ्या दिवशी ती बॅग घेऊन तिथं राहायला आली. दोघांनाही त्यात नवल वाटल्याचं दिसलं नाही.

मग जे दिवस आले तसे तिच्या आयुष्यात कधीच आले नव्हते. कोपऱ्यावरचा वाणी तिला बघून न सांगता पोह्यांचं पुडकं काढायचा. भाजीवाली कोथिंबिरीची जास्तीची जुडी पिशवीत टाकून म्हणायची, "तू पडली होतीस ना मागं, गुडघा कसा हाय आता?" समोरच्या घरातली सुरेखा, शाळेत शिकवणारी, तिच्याहून थोडी मोठी, पहिल्याच रविवारी पहाटे खालून ओरडली, "मोने, टेकडी! चप्पल घालू नको, बूट घाल." मोनिका गोंधळून खिडकीत आली, पण पुढच्या पाच मिनिटांत बूट घालून खाली उतरलीही. आपल्याला आधीच कुणीतरी इतकं मिळवून ठेवलंय, आपण फक्त येऊन बसायचं, याची तिला अशी धुंदी चढली की रोज कामावरून सुटताना तिला पळत घरी जावंसं वाटे.

गोगाबाबा टेकडीवर त्या दोघी दम घेत बसल्या होत्या. खाली शहर पसरलं होतं, मकबऱ्याचा घुमट सकाळच्या उन्हात नुकता पांढरा होत होता आणि लांब दौलताबादच्या किल्ल्याच्या डोंगराचा आकार दिसत होता.

"तिथं तू काय किंचाळली होतीस गं," सुरेखा म्हणाली. "किल्ल्यातल्या त्या अंधारीत. माझा हात असा धरलास, नखं रुतली."

"मी?" मोनिका हसली. "मी किल्ल्यावर गेले नाही कधी. शाळेची सहल गेली तेव्हा मला गोवर आला होता."

"हो, आणि मग मीच वेडी," सुरेखा म्हणाली आणि बाटलीतलं पाणी तिच्या हातावर ओतलं.

मोनिका टेकडी उतरू लागली. अंधाऱ्या बोळातला वटवाघळांचा उग्र वास, ओली दगडी पायरी, आणि आपल्या मुठीत सुरेखाचा घामट हात; हे सगळं तिला आठवत होतं. ऐकलेलं डोळ्यांपुढं उभं राहतं तसं ते नव्हतं. सुरेखानं सांगितलं नव्हतं तेही त्यात होतं: बाहेर उजेडात आल्यावर दोघींनी खाल्लेल्या पेरूचं तिखट-मीठ तिच्या ओठांना झोंबत होतं. खरं तर भीती वाटायला हवी होती. पण वाटली ती उत्सुकता, आणखी काय काय निघेल अशी. आपल्याच घरात एक न उघडलेली खोली सापडावी तसं तिला झालं आणि त्या दिवशी ती उगाचच गाणं गुणगुणत राहिली.

गुरुवार हा त्या गल्लीत नळाला पाणी यायचा वार. मे महिन्यातल्या अशाच एका गुरुवारी अनसूयाबाई आणि ती मिळून पिंप भरत होत्या. बाईंनी मनगटावरची सोन्याची एकच बारीक बांगडी वर सारत तिच्या हातातली कळशी काढून घेतली. "राहू दे. टायफॉइडनंतर तुझ्यात पहिल्यासारखा जोर राहिला नाही."

मोनिका थांबली. टायफॉइड तिला झाला होता. मागच्या दिवाळीनंतर, वैजापुरात, तिच्या घरी. आई अकरा रात्री उशाशी बसून होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं काकू?"

"सांगायला कशाला हवं? कपाळावरच्या घड्या बदलून बदलून माझी बोटं गार पडली होती."

वर जाऊन मोनिका खिडकीच्या कट्ट्यावर बसली. डोळे मिटून तिनं कपाळावर घडी ठेवणारा तो हात आठवून पाहिला. आईच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या असायच्या, घडी पिळताना त्या किणकिणायच्या. हात आला, ओली घडी आली, थंड पाण्याचा एक थेंब कानामागं ओघळला. मनगटावर सोन्याची एकच बारीक बांगडी होती आणि काहीही किणकिणत नव्हतं. तिनं पुन्हा पाहिलं. तीच बांगडी.

मग तिच्या ध्यानात आलं, की आईचा फोन येऊन बरेच दिवस झालेत. सर्जेराव संध्याकाळी पारावर गेले की आई चोरून फोन करायची, रोज. तो केव्हा बंद झाला? आपणही इतक्या गडबडीत, इतक्या आनंदात होतो, की विचारलंच नाही. तिनं फोन लावला. घंटा पूर्ण वाजून थांबली.

रविवारी टेकडी चुकवून ती सकाळच्या बसनं निघाली. गुलमंडीवरून आदल्या दिवशी आणलेली इमरती मांडीवर होती. दादांना, म्हणजे वडिलांना, ती आवडायची. बस जसजशी वैजापूरच्या जवळ जाऊ लागली तसतशी तिची शंका मागं पडली आणि उत्साह वाढत गेला. सगळं सांगायचं, टेकडी, खोली, सुरेखा. दोघांना आठ दिवस घेऊनच जायचं, दादांचा राग इमरतीनं नाही गेला तर त्या निळ्या भिंतीनं जाईल. कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत ती जवळजवळ पळतच घराच्या फाटकाशी पोचली.

सर्जेराव ओट्यावर बसले होते. तिला बघून ते उठून उभे राहिले आणि त्यांनी टोपी सारखी केली.

"या. बसा."

तिनं इमरतीचा पुडा ओट्यावर ठेवला आणि ती खाली वाकून पाया पडली.

"सुखी ऱ्हा. कुणाच्या म्हणायच्या तुम्ही?"

"दादा, पुरं झालं आता," ती हसली. पण त्यांच्या तोंडावर रुसवा नव्हता. अनोळखी बाईनं सलगी केली की जुन्या वळणाचा माणूस अवघडतो, तसे ते अवघडले आणि आत बघून म्हणाले, "अगं, पाव्हण्या आल्यात."

लक्ष्मीबाई डोक्यावरचा पदर नीट करत तांब्या-पेला घेऊन आली. केस बरेच पांढरे झाले होते. "उन्हाचं आलात. संभाजीनगरहून व्हय?"

"आई, मी आहे की. मोनिका."

आईचा चेहरा उजळला. "मोनिका! आमच्या पोरीचं बी हेच नाव. ती बी तिथंच असती, ज्योतीनगरला. चार वर्षं झाली जाऊन." ती पुढ्यातच फरशीवर बसली, अगदी जवळ, आणि तिनं मोनिकाच्या गुडघ्यावर हात ठेवला. बांगड्या किणकिणल्या. "तुम्ही वळखता का हो तिला?"

मोनिकाच्या हातात पाण्याचा पेला तसाच राहिला. आपल्या आईच्या डोळ्यांत इतकी आशा तिनं कधी पाहिली नव्हती. मीच ती, मीच, असं ओरडावं म्हणून तिनं तोंड उघडलं; पण ते तर एकदा सांगून झालं होतं, आणि त्यातलं फक्त नाव आईपर्यंत पोचलं होतं.

"हो," ती म्हणाली. "ओळखते."

"बरी हाय ना? मागं टायफाइड झाला व्हता म्हणं तिला. आम्हाला कळलंच नाय. खाली एक म्हातारी ऱ्हाती, तिनं लई केलं म्हणं."

"बरी आहे. लई खुशीत आहे ती."

आणि हे खरंच आहे, असं बोलता बोलताच तिला वाटलं. मग ती सांगत सुटली. पूर्वेची खिडकी, सकाळची टेकडी, सुरेखाच्या हाका, वीस मिनिटांत पायाखाली येणारं शहर. बोलता बोलता तिला रंग चढला, ती हातवारे करू लागली, आई तोंडाला पदर लावून हसत होती, मध्येच "अशीच हाय ती, अशीच" म्हणत होती. सर्जेरावांनी एक इमरती संपवली आणि दुसरी हातात घेऊन ते ऐकत राहिले.

ती निघाली तेव्हा ते फाटकापर्यंत आले. "ती गेली तव्हा मी बोललो नाय तिच्याशी," ते म्हणाले. "महिनाभर. तिला सांगा..." त्यांनी फाटकाची कडी काढली. "नको. नका सांगू काही. इमरती आवडली म्हणावं."

आई धावत आली. तिनं फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा मोनिकाच्या हातात दिला. "धपाटे हाईत आन् चटणी. तेवढं तिच्याच हातात द्या. दुसऱ्या कुणाला देऊ नका."

"तिलाच देईन," मोनिका म्हणाली.

परतीच्या बसमध्ये तिला सडकून भूक लागली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि फडक्यातून लसणाचा वास येत होता. शेजारची बाई म्हणाली, "घरचं दिसतंय. खा की." तिनं नको म्हणून मान हलवली. पुढं शहराच्या पहिल्या इमारती दिसू लागल्या तसा तिचा जीव पुन्हा हलका झाला, टेकडीवर जायच्या सकाळी होतो तसा.

खोलीवर आल्यावर तिनं हातपाय धुतले आणि कोपऱ्यावरून आणलेली पुरीभाजी खिडकीशी बसून खाल्ली. मग कारखान्यात मापं तपासलेल्या भागांवर लावतात तसल्या पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा तिनं कापला, त्यावर सुवाच्य अक्षरात 'मोनिकासाठी' असं लिहिलं, पट्टी डब्याच्या झाकणावर दाबून चिकटवली, आणि कुणी घ्यायला आलं तर लगेच दिसावा म्हणून तो दाराजवळच्या स्टुलावर ठेवला.