शामलाबाईंचं जाळीचं कपाट

मी खोक्यातून आलेलं कपाट बोलतंय. कुणी माझं कुळ विचारलं की माझी पंचाईत होते, कारण मी कुठल्याच एका झाडाचं नाही. शेकडो झाडांचा भुसा, त्यात गोंद, वरून दाब आणि त्यावर लाकडाचं चित्र असलेला कागद, एवढाच माझा जन्म.

तुळजापुरात विष्णुपंत गुरुजींच्या घरी मी दोन चपट्या खोक्यांतून उतरलं. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलानं, कैवल्यनं, मला मोबाइलवरून मागवलं होतं. खोक्यात स्क्रूची पिशवी होती आणि जोडणीचा एक कागद. त्यावर नुसती चित्रं आणि आकडे, अक्षर एकही नाही. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाला तो अपमानच वाटला. "वाचायलाच काही नाही, तर माणसानं जोडायचं कसं?" असं कुरकुरत त्यांनी दोन दिवस घालवले आणि मला उभं केलं. मधली फळी उलटी बसली, ती आजही तशीच आहे.

शामलाबाईंनी मात्र मला मनापासून घरात घेतलं. पहिल्याच दिवशी कुंकवाचं बोट लावलं. वरच्या कप्प्यात त्यांच्या साड्या, खालच्यात गुरुजींचे शर्ट, कोपऱ्यात डांबरगोळ्या. मंगळवार देवीचा वार, म्हणून त्या दिवशी त्या सगळं घर धुवून काढायच्या आणि घराबरोबर मलाही. आधी ओला फडका, मग दारांवर तांब्याभर पाणी. सागवानी कपाटाला ते चाललं असतं. माझ्या भुशाला कसं सोसावं? तरी एका मंगळवारचं पाणी पुढच्या मंगळवारपर्यंत मी कसंबसं वाळवत असे.

मग एका आठवड्यात मंगळवार दोनदा आला. पुढच्या आठवड्यात तीनदा. "अहो, आज मंगळवार ना?" असं विचारत शामलाबाई बुधवारी तांब्या घेऊन आल्या, शुक्रवारीही आल्या. गुरुजींनी आधी चेष्टा केली, नंतर चिडले, आणि एक दिवस नुसतेच त्यांच्याकडे बघत बसले. घरात काय शिरलंय ते माझ्या दारांना त्यांच्याआधी कळलं होतं. दारं पावासारखी फुगली, कागद सुटला, आणि एक दिवस उजवं दार बिजागरीसकट शामलाबाईंच्या हातात आलं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. गुरुजींनी ते फक्त कैवल्यला कळवलं, गल्लीत कुणाला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "जरा अशक्तपणा आहे तिला." कैवल्य रोज फोन करायचा. पुण्यात अशा माणसांना सांभाळणारी एक चांगली संस्था आहे, आईला तिथं ठेवू, असं त्याचं म्हणणं. तो वाईट मुलगा नव्हता, घाबरलेला होता. गुरुजींनी त्याला एकच उत्तर दिलं होतं: "रोज सकाळी ती आपली साडी आपल्या हातानं काढते आणि नेसते. जोवर ते होतंय, तोवर ती या घरातून जाणार नाही. ते थांबलं, की तू म्हणशील तसं." हे बोलणं माझ्यासमोर झालं. त्या दिवसापासून मी नुसतं कपाट राहिलं नाही, असं मला वाटतं. माझ्यावर जबाबदारी आली.

दारं तर नवी हवी होती. कंपनीत फोन केला तर म्हणाले, नुसती दारं मिळत नाहीत, अख्खं कपाट घ्या. पण घरातलं साधं स्टूल हललं तरी शामलाबाई बावरायच्या. म्हणून गुरुजींनी ईरण्णा सुताराला बोलावलं. ईरण्णा मूळचा मुरूम गावचा, पण दुकान इथंच बसस्टँडमागं. त्यानं माझ्या फुगलेल्या दारावर टिचकी मारली आणि नाक मुरडलं.

"गुरुजी, ह्यो भुसा हाय. ह्यात स्क्रू धरत न्हाय. म्या सागवानी चौकट करून देतो."

गुरुजींनी चित्रांच्या कागदावरचं माप वाचलं, चारशे शहाण्णव मिलिमीटर. ईरण्णानं कानावरची पेन्सिल काढली. "ते मिलिमीटर तुमच्याकडंच असू द्या. आमी इंच आन् सूत जाणतो." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यातही त्याची एक रीत होती. दार एक सूत मोठंच करून आणायचं आणि गिऱ्हाइकाच्या घरी, कपाटापुढं बसून, रंधा मारत मारत बेतात आणायचं. कपाट कुठं वाकलंय ते कागदाला ठाऊक नसतं, असं तो म्हणायचा. ते खरं होतं. आमची फरशी डावीकडं उतरती आहे आणि मीही तिच्याबरोबर झुकलंय.

आठ दिवसांनी तो दारं घेऊन आला. रंध्याच्या सालपटांनी खोली भरली. दारं अशी बसली की फटीतून पोस्टकार्ड जाईना. आणि उजव्या दारात त्यानं न सांगता, आपल्या खुशीनं, उंच आरसा बसवला होता. "बाईमाणसाचं कपाट आरशाबिगर शोभतंय व्हय? ही माझ्याकडून भेट, वैनीसाहेबांना." गुरुजींनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शामलाबाई माझ्यासमोर आल्या आणि थबकल्या. आरशात एक पांढऱ्या केसांची बाई उभी होती. "या ना, बसा," त्या म्हणाल्या. बाई बसेना. मग त्या आत गेल्या, कोयरी घेऊन आल्या आणि पाहुणीच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. काचेवर ते ओघळलं. मला हसू आलं नाही. आजवर कुणी मला इतक्या आदरानं हात लावला नव्हता.

पण पाहुणी जाईना. शामलाबाई गेल्या की जायची, आल्या की पुन्हा हजर. परक्या बाईसमोर साडी कशी बदलायची? आणि तिच्या अंगावर हात टाकून कपाट तरी कसं उघडायचं? शामलाबाईंनी मला हात लावायचं सोडलं. एकच साडी दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पाचव्या दिवशी. गुरुजी साडी काढून द्यायला गेले तर त्या कळवळून म्हणाल्या, "अहो, त्या बाईंसमोर काय हे!" गुरुजींनी आरशावर चादर टाकली. शामलाबाईंनी ती उचलून आत बघितलं. बाई होतीच.

आणि नेमका कैवल्यचा फोन आला, रविवारी येतोय. गुरुजी मला टेकून खाली बसले.

त्याच दुपारी ते ईरण्णाला घेऊन आले. "आरसा काढा," एवढंच म्हणाले.

ईरण्णाचा चेहरा पडला. "काच वाकडी बसली का, गुरुजी? का आमची भेट पसंत न्हाय?"

गुरुजींनी आधी खोलीचं दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "ईरण्णा, तिला आता काही आठवत नाही. स्वतःचं तोंडही ओळखू येत नाही." तुळजापुरात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं. म्हटलं आणि उपरण्यानं डोळे पुसले.

ईरण्णानं हातोडी खाली ठेवली. "शिवशिवा," तो म्हणाला. "दार कुनासाठी करायचं ते म्या इचारलं न्हाय, आन् तुमी सांगितलं न्हाय. दोघंबी चुकलो." मग माझ्यासमोर मांडी घालून तो विचार करत बसला. "कापडं दाराआड झाकली की त्यांच्या मनातून जात आसतील, व्हय ना? मग झाकायचंच कशाला? काच नको, काचंतबी त्यांचं तोंड दिसंल. जाळी लावू. स्वयंपाकघरात दुधाच्या कपाटाला आसती तशी."

"सगळं उघडं दिसेल की," गुरुजी म्हणाले.

"दिसू द्या. साड्याच हायत, चोरीचा माल न्हाय."

शनिवारी संध्याकाळी जाळी बसली. रविवारी सकाळी कैवल्य आला, पिशवीत संस्थेचे कागद घेऊन. बापलेकांचा चहा तसाच राहिला. शामलाबाई खोलीत आल्या. मला धडधडायला छाती नाही, पण बिजागऱ्या ताणून मी उभं होतं. त्यांनी जाळीत बोटं अडकवली. आत बघितलं. मग ओळखीच्या माणसाचं नाव आठवावं तशा म्हणाल्या, "माझी हिरवी." दार उघडलं. हिरवी साडी काढली. गुरुजी आणि कैवल्य बाहेर जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा निऱ्या डाव्या बाजूला गेल्या होत्या, पदर आखूड झाला होता, पण साडी त्या एकट्यांनी नेसली होती.

कैवल्यकडे बघून त्यांनी विचारलं, "हे कोण आलेत?"

"मी कैवल्य," तो म्हणाला. त्या ओळखीचं हसल्या, पण ओळखलं नाही. तो माझ्याकडे तोंड करून खूप वेळ उभा राहिला. संध्याकाळच्या गाडीनं तो एकटाच परत गेला. कागद पिशवीतून बाहेरही आले नाहीत.

त्याला आता सात महिने झाले. माझी पाठीची फळी सुटत चालली आहे, तळाला ओल आली आहे. दारं शंभर वर्षं टिकतील, मी टिकणार नाही. माझं फार मागणं नाही. शामलाबाई रोज सकाळी येतात, तोवर मला उभं राहू द्या. त्यांच्याआधी मी मोडू नये.

आपली साडी झाली की हल्ली त्या खालच्या कप्प्यातून एक शर्ट काढतात आणि गुरुजींपुढं धरतात. "उशीर होतोय, शाळा भरेल तुमची." गुरुजी निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. ते शर्ट घालतात, वरपर्यंत बटणं लावतात, उंबऱ्यात उभं राहून म्हणतात, "येतो गं."

"या," शामलाबाई म्हणतात, आणि दारात थांबतात.